ओबीएमचा गिअर जड का होतो?

प्रश्न : रामटेकजवळ खिंडसी तलावावर आमची फायबरची छोटी बोट आहे. तिला 25 हॉर्सपॉवरचा ओबीएम (आउटबोर्ड मोटर) आहे. स्टेअरिंगजवळच्या कंट्रोलचा लिव्हर उन्हाळ्यानंतर एवढा जड झाला, की दोन हातांनी ओढावा लागतो. स्कूटरच्या क्लच वायरसारखं केबलमध्ये ऑइल सोडलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मुलगा म्हणतो केबल गेली, मी म्हणतो कंट्रोल बॉक्स. खर्च कशावर करायचा?
– एक वाचक, रामटेक

उत्तर : भाऊ, खर्चाचं नंतर पाहू. आधी त्या लिव्हरवर दोन हातांचा जोर लावणं बंद करा. बोटीला ब्रेक नसतो. घाटाजवळ आल्यावर रिव्हर्स गिअर टाकूनच ती थांबवायची असते. जोर लावून केबलचं टोक तुटलं, तर ते नेमकं घाटावर माणसं उभी असतानाच तुटेल.

दोष तीनच ठिकाणी असू शकतो : मोटरच्या खालच्या गिअरमध्ये, केबलमध्ये किंवा कंट्रोल बॉक्समध्ये. शोध मोटरकडून सुरू करा. इंजिन बंद ठेवा, किल स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची) लाल दोरी काढा, प्लगच्या कॅपही काढून ठेवा. हे न करता पंख्याला (प्रोपेलरला) हात लावू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. मग मोटरचं कव्हर उघडून गिअरच्या केबलची क्लिप काढा आणि केबल पिनेवरून सोडवा. आता मोटरवरचा गिअरचा दांडा हाताने हलवा आणि दुसऱ्या माणसाला पंखा हळूहळू फिरवायला सांगा. पंखा फिरवणं गरजेचं आहे, कारण आत डॉग क्लचचे, म्हणजे एकमेकांत अडकून गिअर जोडणारे दात असतात. ते समोरासमोर आले की गिअर पडत नाही आणि चांगली मोटरही जाम वाटते. पंखा फिरताना दांडा सहज खट्कन बसला, तर मोटर निर्दोष आहे.

मग सोडवलेल्या केबलसह लिव्हर हलवून पाहा. अजून जड असेल, तर केबल कंट्रोल बॉक्सकडूनही काढा. नुसता लिव्हर हलका चालला, तर तुमचा मुलगा बरोबर. दहापैकी आठ वेळा मी केबलच पाहिली आहे.

केबलच्या टोकाची चकाकणारी सळई बाहेर ओढून बघा. तिच्यावर तपकिरी कडं दिसलं, की टोकाचं रबर चिरून पाणी आत गेलं आहे असं समजा. तलावाचं पाणी गोडं असलं तरी गंज धरतोच. अशा केबलला ऑइल पाजू नका. हिच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं आणि वंगण कारखान्यातच भरलेलं असतं. वरून सोडलेल्या ऑइलला धूळ चिकटते आणि नागपूरच्या 45 अंशांत त्याचा चिकटा होतो. तुमचे ते दोन बरे दिवस त्यामुळेच संपले. केबल बदला. मरीन ग्रीस लावायचं ते फक्त बाहेरच्या सांध्यांना आणि पिनेला.

पण नवी मागवण्याआधी जुनीचा रस्ता नीट पाहा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि शहरात रेस्क्यू बोटी फिरल्या. त्यानंतर एका पथकाची बोट माझ्याकडे आली. लिव्हर असाच जड, आणि तोही मोटर डावीकडे वळवली तरच. केबल आणून ठेवली होती, बसवायची तेवढी बाकी. फळी उचलली तर कुणीतरी झिप टायने जुनी केबल नळीला करकचून बांधलेली. टाय कापला आणि लिव्हर एका बोटाने चालला. म्हणून मोटर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लिव्हर तपासा. घरातल्या परातीपेक्षा लहान वळण केबलला कुठेच देऊ नका.

प्रश्न : आमचा लिव्हर उलट ढिला आहे. रेस दिली की आपोआप मागे येतो, आणि गिअरही उशिरा पडतो.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. रेस मागे येते ती घर्षणाच्या स्क्रूमुळे. कंट्रोल बॉक्सवरचा तो स्क्रू पाव फेरा आवळा, पुन्हा पाहा. जास्त आवळलात तर गरजेच्या वेळी रेस पटकन कमी करता येणार नाही. गिअर उशिरा पडतो तो मात्र झिजलेल्या बुशमुळे, सैल क्लिपमुळे किंवा जागा सोडलेल्या केबलमुळे. क्लिप आणि बुश स्वस्त आहेत, ते आधी बदला.

मग केबल जुळवा : लिव्हर न्यूट्रलला, मोटरचा दांडाही न्यूट्रलला, आणि पंखा दोन्ही बाजूंना मोकळा फिरला पाहिजे. केबलच्या टोकाचा सांधा फिरवून लांबी कमी-जास्त होते. पण यामाहाचं मॅन्युअल सांगतं, की आटे किमान 8 मिमी आत बसलेले हवेत. त्यापेक्षा कमी असतील तर सांधा निसटू शकतो.

शेवटी बोट घाटाला दोरीने घट्ट बांधा, मोटर सुरू करा आणि आयडलवर पुढचा गिअर, न्यूट्रल, मागचा गिअर असं दहादा टाका. लिव्हर हळूहळू सरकवू नका, एका झटक्यात टाका. हळू टाकला की दात घासतात आणि त्यांची धार जाते. तेव्हा खडखड ऐकू आली, तर आधी आयडलची रेस जास्त आहे का ते पाहा.