प्राजक्ताचं रोप द्यावं का?

लग्नसराई सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: आपल्या माणसाला काय द्यावं? यंदा बऱ्याच जणांनी त्याला दुसरा प्रश्नही जोडलाय. देणार आहोत त्या वस्तूमागची कथा शुभ आहे ना? संस्कृत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे ही पत्रं मी आवडीने वाचली. त्यातल्या चार पत्रांना उत्तरं देते.

आमचा साखरपुडा झालाय. होणाऱ्या बायकोचा वाढदिवस जूनमध्ये येतो. तिला प्राजक्त फार आवडतो, म्हणून रोप द्यायचं ठरवलं. आजी म्हणते, ते सवतींच्या भांडणाचं झाड, लग्नाआधी देऊ नये. काय करू?
– एक वाचक, सातारा

रोप द्या. आणि आजींचं मनही मोडू नका, कारण त्यांनी ऐकलेली कथा खरोखरच आहे. फक्त ती एकटी नाही.

हरिवंशात ती अशी येते. नारदांनी स्वर्गातलं पारिजातकाचं फूल कृष्णाला दिलं. त्याने ते जवळच असलेल्या रुक्मिणीला दिलं. ही बातमी सत्यभामेच्या कानावर गेली आणि ती रुसून बसली. तिची समजूत काढता काढता कृष्णाने एका फुलाच्या जागी अख्खं झाड आणायचं कबूल केलं. पुढे कथेत भर पडली ती आपण सगळ्यांनीच ऐकलीय: झाड सत्यभामेच्या अंगणात, फुलांचा सडा मात्र रुक्मिणीच्या दारात. आजींच्या मनात आहे ती हीच कथा.

विष्णुपुराणातली सत्यभामा वेगळी आहे. नरकासुराला मारल्यावर अदितीची कुंडलं परत करायला कृष्ण स्वर्गात जातो, तेव्हा गरुडावर तीही सोबत असते. इंद्राच्या बागेत तिला पारिजात दिसतो. ती रुसत नाही, रडत नाही. मी तुम्हाला सगळ्यांहून प्रिय आहे असं म्हणता ना, मग हे झाड माझ्या अंगणात हवं, असं सरळ सांगते. (रुक्मिणीचं आणि जांबवतीचं नाव ती इथेही काढते, हे आजींच्या बाजूने सांगायला हवं.) राखणदार आडवे येतात, हे झाड इंद्राच्या राणीचं आहे म्हणतात. त्यावर तिचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. झाड निघालं समुद्रमंथनातून, म्हणजे ते सगळ्यांचं. एकट्या शचीचं कसं? आणि शचीचा आपल्या नवऱ्यावर एवढाच भरवसा असेल, तर त्याला म्हणावं, अडवून दाखव.

मला ही सत्यभामा मनापासून आवडते. जे हवं ते ती तोंडाने मागते आणि मागितलेल्या गोष्टीसाठी भांडायलाही उभी राहते. लग्न ठरलेल्या मुलीला याहून चांगली कथा कुठली सांगणार? रोप देताना दोन्ही कथा सांगा. कुठली आपली मानायची ते तिला ठरवू द्या.

आता झाडाबद्दल. जून म्हणजे रोप लावायला उत्तम वेळ. पण ते जमिनीत लावू नका, मोठ्या कुंडीत लावा, म्हणजे लग्नानंतर तिच्याबरोबर तेही तुमच्या घरी येईल. ऊन भरपूर हवं आणि पाणी साचता कामा नये. पहिल्याच पावसाळ्यात फुलं आली नाहीत तर तिला धीर धरायला सांगा. बहर सरला की फांद्यांवर चपटी फळं धरतात, अगदी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची. आधी हिरवी, मग वाळून तपकिरी होतात. उकलली की दोन कप्प्यांत एकेक बी. प्रेमाची खूण म्हणून दुकानातून लाल मखमली बदाम आणणाऱ्यांनी हे फळ एकदा तळहातावर घेऊन बघावं. आजींसाठीही एक गोष्ट आहे: जमिनीवर पडलेलं फूल आपण देवाला वाहत नाही, प्राजक्ताचं मात्र वाहतो. ज्या झाडाला एवढा मान, ते अशुभ कसं?

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. हे नोकरीनिमित्त मस्कतला असतात. दोघंही बोलण्यात कोरडे. घड्याळ झालं, शर्ट झाले, सोनं झालं. या वेळी त्यांना काय पाठवू?
– एक वाचक, नांदेड

ताई, पत्र पाठवा. हाताने लिहिलेलं, पाकिटात घातलेलं.

मी अमरावतीची. कौंडिण्यपूर आमच्याच जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी. ते रुक्मिणीचं माहेर, आणि आषाढीला तिथून पंढरपूरला पालखी जाते. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातूनच कृष्णाने तिला नेलं, असं आमच्याकडे लहानपणापासून ऐकायला मिळतं. म्हणून असेल, पण आपल्या परंपरेतली प्रेमाची सर्वांत मोठी भेट कुठली असं कुणी विचारलं, तर माझ्या मनात रुक्मिणीचं पत्रच येतं.

भागवताच्या दहाव्या स्कंधात ते आहे. अवघे सात श्लोक. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाच्या गळ्यात बांधायला निघालाय, लग्न तोंडावर आलंय, आणि ती एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडते. तुमचे गुण ऐकून मन तुमच्यात गुंतलं, अशी सुरुवात आहे. पण मला त्यातलं खरं सौंदर्य पुढच्या भागात दिसतं, जिथे ती व्यवहाराचं बोलते. मी अंतःपुरात असते, माझ्या माणसांना न मारता तुम्ही मला कसं न्याल असं वाटेल, तर उपाय सांगते: लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे नवरी गावाबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जाते. तिथे या. प्रेम आणि काळजी एकाच दमात, आणि एकही शब्द जास्तीचा नाही. पुढे एकनाथांनी काशीत 1571 साली ‘रुक्मिणी स्वयंवर’ पूर्ण केलं. लग्न जुळावं म्हणून मुली ते वाचतात. माझी आई वाचायची.

तुम्ही स्वतःला कोरड्या म्हणता. पण रुक्मिणीने तरी अलंकार कुठे लादले? तुम्हीही नेमकं लिहा. त्यांच्यामागे घर कसं चाललं, कुठल्या दिवशी त्यांची उणीव सगळ्यांत जास्त भासली, परत आल्यावर दोघांनी मिळून काय करायचं. एक पान पुरे. फोनवर वाचून दाखवू नका, पोस्टानेच जाऊ द्या.

आम्ही एकमेकांना नावं कोरलेल्या अंगठ्या देणार आहोत. मैत्रीण म्हणते, अंगठी म्हणजे शकुंतला, म्हणजे विसर. खरं आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

अंगठ्या खुशाल घाला. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाहीच. ती आपल्याला ठाऊक झाली कालिदासाच्या नाटकामुळे. आणि तिथेही विसर पडतो तो दुर्वासाच्या शापाने. अंगठी उलट आठवण परत आणते. निरोप घेताना दुष्यंत म्हणालेला असतो, या अंगठीवरच्या माझ्या नावातलं रोज एक अक्षर मोज. अक्षरं संपतील तोवर तुला न्यायला माणूस येईल. म्हणजे कोरलेल्या नावाची तुमची कल्पना फार जुनी आहे. रामाने हनुमानाजवळ दिली ती अंगठीही त्याच्या नावाची.

पण त्याच रामायणातली सीतेची बाजू विसरू नका. ती हनुमानाजवळ चूडामणी देते, आणि सोबत एक आठवण पाठवते: माझा टिळा पुसला गेला होता, तेव्हा तुम्ही मनशिळेचा टिळा माझ्या गालावर लावलात, आठवतं ना? मनशीळ म्हणजे डोंगरात मिळणारा तांबडा खनिज रंग. दागिना कुणीही चोरून आणू शकतो. गालावरचा टिळा त्या दोघांनाच ठाऊक. सुंदरकांडात मी दर वेळी इथे थांबते. तुमच्या अंगठ्यांच्या आतल्या बाजूला थोडी जागा ठेवा आणि नावाऐवजी असा एखादा शब्द कोरून घ्या, जो वाचून तिसऱ्याला काहीच कळणार नाही.

मदन आणि क्युपिड एकच का? बायकोला गुलाब सोडून प्रेमाचं दुसरं काही चिन्ह द्यायचं आहे.
– एक वाचक, नाशिक

दोघांच्या हाती धनुष्य आहे, साम्य एवढंच. रोमन कवी ओव्हिड क्युपिडला दोन तऱ्हेचे बाण देतो: सोन्याचा लागला तर प्रेम जडतं, शिशाचा लागला तर मन उडतं. आपल्या मदनाचं धनुष्य उसाचं, दोरी भुंग्यांची आणि बाण पाच फुलांचे. त्यांत अशोक आहे, आंब्याचा मोहोर आहे, कमळ आहे, गुलाब नाही.

आणि त्याचं वाहन पोपट. तुम्ही नाशिकचे, म्हणजे येवला तुमच्याच जिल्ह्यात. पैठणीवर विणतात तो मुनिया म्हणजे हाच पोपट. मोराच्या पदराला सगळेच भुलतात, तुम्ही मुनियाची मागा, आणि घरी आल्यावर मदनाची गोष्ट सांगून तिच्या हाती द्या. घेताना पदर उलटून बघा. हातमागाच्या खऱ्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रावरची. दुकानदार काही म्हणो, हातमागाचे पैसे मोजू नका.