तुमचे प्रश्न: एकच पत्ता, दोन चिप आणि अडकलेली बस

प्रश्न: आर्डुइनो उनोवर डीएस३२३१ घड्याळ आणि एमपीयू६०५० हा हालचालीचा सेन्सर एकाच आयटूसी बसवर (दोन सिग्नल वायरींवर अनेक चिप जोडायची पद्धत) लावलेत. एकेकटे लावले की दोन्ही मस्त चालतात, एकत्र लावले की सेकंद वेडेवाकडे येतात आणि सेन्सरचे आकडेही काहीच्या काही. वायरी बदलून झाल्या, पुलअप (लाईन वर ओढणारे रेझिस्टर) बदलून झाले. बसवरचे पत्ते शोधणारा स्कॅनर प्रोग्राम एकच पत्ता दाखवतो, ६८ हेक्स (सोळाच्या पायातला आकडा). एखादी चिप गेली असेल का?

उत्तर: दोन्ही चिप धडधाकट आहेत. चिप दोन आणि पत्ता एक, म्हणजे दोघींचा पत्ता सेम आहे, स्कॅनरने तुम्हाला आधीच सांगितलंय. डीएस३२३१ चा पत्ता ६८ हेक्स, तो बदलताच येत नाही, आणि एमपीयू६०५० ची एडी० पिन लो असली की तिचाही ६८. तुम्ही ६८ ला हाक मारली की दोघी ॲक, म्हणजे ‘मी आहे’ असा होकार, देतात, आणि लायब्ररीला वाटतं सगळं छान चाललंय, कारण ॲक म्हणजे कुणीतरी आहे एवढंच, किती जण आहेत ते त्यातून कळत नाही.

मग वाचताना काय होतं ते बघा. आयटूसीच्या लाईनी ओपन ड्रेन असतात, म्हणजे चिप लाईन फक्त खाली ओढू शकते, वर न्यायचं काम पुलअपचं. त्यामुळे दोघी एकदम बोलल्या की जिचा बिट ० ती जिंकते. समजा घड्याळात ३५ सेकंद आहेत, बीसीडीत (दर अंकाला चार बिट) ००११०१०१, आणि त्याच वेळी सेन्सरने ०१०१०११० पाठवलं, तर तुमच्या हातात पडतं ०००१०१००, म्हणजे १४ सेकंद. आकडा दिसायला एकदम खरा, म्हणून माणूस तासन्‌तास वायरी हलवत बसतो.

उपाय सोपा आहे, सेन्सरची एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडा (५ ला नको), पत्ता ६९ होईल, आणि कोडमध्ये लायब्ररीलाही ६९ द्या, कारण बहुतेक लायब्ऱ्या न सांगता ६८ धरतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, सेन्सरचं ७५ हेक्सवरचं, चिपची ओळख सांगणारं रजिस्टर वाचलं तर त्यात अजूनही ६८ च दिसेल, एडी० चा बिट त्यात येत नाही, तेव्हा ते बघून पत्ता बदललाच नाही असं समजू नका.

पुलअपबद्दल पण सांगतो, तयार मॉड्यूलवर ते आधीच असतात आणि मॉड्यूल वाढवत गेलात की सगळे पॅरलल होतात. ४.७ के चे दोन मिळून २.३५ के, हे चालतं. ५ व्होल्टवर चार झाले की १.२ के च्याही खाली, आणि मग ३ मिलिअँपची हमी असलेल्या चिपला लाईन नीट खाली ओढता येत नाही. अशा वेळी एकदोन मॉड्यूलवरचे पुलअप काढून टाका.

प्रश्न: तेच घड्याळ एसटीएम३२ कंट्रोलरला लावलं, त्याच्या हॅल लायब्ररीत पत्ता ६८ दिला, तर काहीच सापडत नाही.

उत्तर: हॅलला पत्ता एक घर डावीकडे सरकवून लागतो, ६८ नाही तर डी० हेक्स. आयटूसीत पत्ता ७ बिटांचा आणि आठवा बिट वाचायचं की लिहायचं हे सांगतो, आर्डुइनो तो बिट स्वतः जोडतं, हॅलमध्ये त्याची जागा तुम्ही सोडायची. तुम्ही ६८ दिलात तेव्हा लाईनवर पत्ता गेला ३४, त्या नावाचं तिथे कुणीच नाही, म्हणून नॅक, म्हणजे होकार नाहीच. आणि प्लीज, प्रत्येक कॉलनंतर हॅल काय परत देतं ते तपासा! आर्डुइनोतही एंडट्रान्समिशन २ देतं तेव्हा पत्त्यालाच नॅक आलाय आणि ३ देतं तेव्हा डेटाला, इतकी सरळ माहिती मिळत असताना ती न वाचता फेकून देणारा कोड बघितला की खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: डिस्प्ले आयटूसीचा घेऊ की एसपीआयचा (चिप जोडायची दुसरी, जास्त वेगवान पद्धत)?

उत्तर: १२८ बाय ६४ चा एकरंगी असेल तर आयटूसी पुरे, १०२४ बाईटचं चित्र ४०० किलोहर्ट्झवर साधारण २३ मिलिसेकंदात जातं. २४० बाय ३२० चा रंगीत असेल तर एका चित्राला साडेतीन सेकंदांच्या आसपास लागतील, तिथे एसपीआयच घ्या. फक्त एसपीआयमध्ये ॲक नावाचा प्रकारच नाही, समोर कुणी नसलं तरी कोड आनंदाने पाठवत राहतो.

प्रश्न: मध्येच रिसेट बटण दाबलं की कधी कधी आयटूसी कायमचं अडकतं, पॉवर काढून लावली तरच सुटतं. असं का?

उत्तर: रिसेट तुमच्या कंट्रोलरचा झाला, समोरच्या चिपचा नाही. ती बाईट पाठवत असताना नेमका ० बिटवर क्लॉक थांबला, तर ती पुढच्या क्लॉकची वाट बघत एसडीए, म्हणजे डेटाची लाईन, खाली धरून बसते. इकडे कंट्रोलर नव्याने उठतो, एसडीए लो दिसते, त्याला वाटतं बस बिझी आहे, आणि दोघेही एकमेकांची वाट बघत राहतात.

म्हणून प्रोग्राम सुरू होताना, आयटूसी चालू करायच्या आधी, एसडीए नुसती पिन म्हणून वाचा. लो असेल तर एससीएल, म्हणजे क्लॉकची लाईन, कोडमधून स्वतः वरखाली करा, जास्तीत जास्त ९ वेळा, आणि दर वेळी एसडीए सुटली का बघा. सुटली की स्टॉप द्या, म्हणजे एससीएल हाय असताना एसडीए लो वरून हाय, आणि मग नेहमीसारखं आयटूसी सुरू करा. हे करताना पिन जोराने हाय करू नका, लो करायची असेल तेव्हाच आउटपुट, एरवी इनपुट ठेवून पुलअपला वर नेऊ द्या. शिवाय उनोच्या ‘वायर’ नावाच्या आयटूसी लायब्ररीत टाइमआउट आहे पण तो आपणहून चालू नसतो, सेटवायरटाइमआउटने चालू करा. आणि एसडीए नाही, एससीएलच कुणी खाली धरली असेल तर ह्या ९ क्लॉकचा काही उपयोग नाही, मग त्या चिपची रिसेट पिन असेल तर ती, नाहीतर तिची पॉवर एका ट्रान्झिस्टरमार्फत कोडमधून बंद-चालू करायची सोय बोर्डवर आधीच करून ठेवा.