सढळ-आक्रमक आणि चोखंदळ-आक्रमक
पोकरमधल्या 'लूज-अ‍ॅग्रेसिव्ह' आणि 'टाइट-अ‍ॅग्रेसिव्ह' या शैलींना 'सैल-आक्रमक' आणि 'घट्ट-आक्रमक' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आला आहे. चालणार नाही.

'लूज' मराठीत आला तोच बदनाम होऊन: लूज टॉक, लूज मोशन. त्यात हरण्याचा 'लूज'ही देवनागरीत अगदी तसाच लिहितात. मग 'तो लूज खेळतो' म्हणजे गचाळ खेळतो, असं लोक सर्रास बोलतात आणि दर वेळी माझं डोकं उठतं. लूज आणि टाइट एवढंच सांगतात, की खेळाडू किती पानांवर डावात उतरतो. टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला सुरुवातीला दोन पानं मिळतात, आणि दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. टाइटवाला साधारण त्यांच्या पाचव्या हिश्शावर किंवा आणखी कमी जोड्यांवर उतरतो, लूजवाला पाव ते तिसऱ्या हिश्शावर. सुरुवातीच्या जागेवर, म्हणजे इतरांच्या आधी पाळी येते तिथे, हातात किलवरची सत्ती-अठ्ठी आली, तर पहिला बहुधा टाकून देतो, दुसरा पैसे वाढवतो. एक्का-राजा आला तर दोघंही वाढवतात, कारण आक्रमक दोघंही आहेत. समोरच्याने लावलेल्या पैशांची नुसती बरोबरी करणाऱ्याला जिंकायला शेवटी पानंच सरस लागतात. वाढवणाऱ्यापुढे समोरचा पानं टाकूनही देतो.

लूजला शब्द हवा 'सढळ'. 'सढळ हाताने'मुळे तो दानशूरांचा वाटतो, पण मूळ अर्थ मोकळा, सैल असाच. काही जण 'स + ढळ' अशी फोड करून 'ढळतो तो सढळ' असं सांगतात. ही व्युत्पत्ती नव्हे, कानाला गोड लागलेली जुळवाजुळव आहे. सढळ आला 'शिथिल'पासून, आणि त्याचा दाखला बाराव्या शतकातला आहे! जैन आचार्य हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात सूत्रच दिलं आहे: शिथिल आणि इंगुद या शब्दांत पहिल्या इ-चा विकल्पाने अ होतो. उदाहरणं 'सढिल' आणि 'सिढिल'. थ-चा ढ होण्याचं सूत्र वेगळं, आणि त्यात शिथिलच्या पंगतीला 'प्रथम' बसला आहे, ज्याचं 'पढम' झालं. पुढचं काम मराठीने केलं. दोन स्वरांमधल्या एकट्या ल-चा आपल्याकडे ळ होतो, फलचं फळ झालं तसा. सढिलचं सढळ.

'सैल'ही शिथिलचाच, असं म्हणतात. असेल. पण मग त्याच्या ल-चा ळ का झाला नाही? हे न विचारता नुसतं 'सं. शिथिल' लिहून मोकळं होणं मला पटत नाही. माझ्या मते मधल्या रूपाला 'इल्ल' प्रत्यय लागला असणार. जोड ल्ल मराठीत ल म्हणूनच उरतो. गल्लचा गाल झाला, गाळ नाही झाला.

राहिला टाइट. 'घट्ट' म्हटलं की झाकणच आठवतं. 'हात राखून खेळणारा' असंही कोणी सुचवतं; ते तर साफ उलटं. हात राखून म्हणजे पुरता जोर न लावता, आणि हा गडी उतरला की सगळा जोर लावतो. त्याला चोखंदळ म्हणा. चोख तेवढं निवडतो, आणि निवडलं की पैसे वाढवताना हात आखडत नाही.