‘मूळची कुठली?’, कोल्हापूरकर आणि ‘अर्धी मराठी’

कोल्हापुरात कॉलेजला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आलाय. वडील पिढ्यान्‌पिढ्या कसबा बावड्याचे, गुळाच्या अडतीवर दिवाणजी. आई कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूरकडची, पूर्वज आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजातली. मुलगी रंगाने आणि केसांनी आईवर गेली आहे. ती लिहिते:

‘मी जन्मलो इथं, शाळा इथंच शिकलो. घरात पप्पांशी मराठी बोलतो, आईशी कोंकणी. तरी वर्गातल्या मुली विचारतात, तू मूळची कुठली? बावडा म्हटलं की म्हणतात, तसं न्हवं, मूळची. एकीनं तर मला अर्धी मराठी असं नावच पाडलंय. सुट्टीत आजोळी गेलो की मावशीची पोरं म्हणतात, तू कसली सिद्दी, तू कोल्हापूरवाली. मग मी स्वतःला काय म्हणायचं? कोल्हापूरकर म्हटलेलं चालतं का? आणि फॉर्मवर मातृभाषा काय लिहू?’

आधी तुझ्या वाक्यांबद्दल बोलतो, कारण उत्तराचा बराच भाग त्यांतच आहे. ‘मी जन्मलो’, ‘शिकलो’, ‘आजोळी गेलो’. पुण्याची मुलगी इथे ‘गेले’ म्हणते, नागपूरकडची ‘गेली’ म्हणते. मुलीने स्वतःविषयी बिनदिक्कत ‘गेलो, आलो, जेवलो’ म्हणायचं, ही आपल्या भागातली रीत. ती शाळेत कुणी शिकवत नाही; उलट बाई ती खोडून काढतात आणि मधल्या सुट्टीत पोरी पुन्हा तेच बोलतात. गल्लीत, नळावर, गणपतीच्या मांडवात ती तोंडात बसते आणि मग जात नाही. तुझा चेहरा न पाहता कुणी हे पत्र वाचलं, तर पहिल्या ओळीला म्हणेल, पोरगी कोल्हापूरची आहे. तुला प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीही असंच बोलत असणार.

आता ‘मूळची’. मूळ गाव, मूळपुरुष, मूळ प्रत, मूळ मुद्दा, अशी या शब्दाची रोजची सोयरीक आहे. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूसही विचारतो. तुम्ही ‘गारगोटीकडचा’ म्हणालात की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग अमक्या पाटलांना ओळखता काय?’ धागा शोधायचा असतो, सापडला तर पाव्हणेपणा निघतो, नाही सापडला तर माणूस खिडकीबाहेर बघतो. या विचारण्यात काही वावगं नाही. कधीकधी त्याच्या आडून जात विचारली जाते, तेही खरं आणि ते सगळ्यांना कळतं. पण तुझ्या बाबतीत वेगळंच घडतंय. तू उत्तर दिलंस आणि ते घेतलं गेलं नाही. ‘तसं न्हवं, मूळची’ म्हणताना विचारणारीकडे उत्तर आधीच तयार आहे, तिला फक्त ते तुझ्या तोंडून वदवून घ्यायचंय. त्यामुळे दुसऱ्यांदा विचारल्यावर नवीन उत्तर शोधत बसण्याचं कारण नाही. पहिलंच पुन्हा द्यावं, त्याच आवाजात.

‘मूळ’ शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो आता मागे पडलाय. सासरी असलेल्या लेकीला सणाला माहेरी आणण्यासाठी जे बोलावणं जातं, जो माणूस पाठवला जातो, तेही मूळ. ‘मूळ धाडलं’, ‘मूळ आलं’ असं म्हणत. न्यायला येणारा तो मुऱ्हाळी. तुकोबांच्या अभंगात ‘दिवाळीच्या मुळा लेकी आसावली’ आहे, तिथे हाच अर्थ. पुष्कळ जण ती ओळ गातात आणि ‘मुळा’शी अडखळतात, म्हणून सांगितलं. एकाच शब्दात माणूस निघाला ते ठिकाणही आलं आणि त्याला न्यायला येणारं माणूसही आलं. तुला सुट्टीत न्यायला यल्लापूरहून मामा येत असेल, तर जुन्या मराठीप्रमाणे ते तुझ्या आईचं मूळ आलं.

‘कोल्हापूरकर’ म्हटलेलं चालतं का? खुशाल म्हण. ‘-कर’ हा प्रत्यय गावाला लागतो, रक्ताला लागत नाही. हे भावनेच्या भरात म्हणत नाही, आडनावांचा इतिहासच तसा आहे. होळ गावचे ते होळकर. कोकणातल्या बेने इस्रायलींचं, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं बघ. प्रार्थना हिब्रूत, शनिवारी काम बंद म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं, आणि आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमकर, नागावकर. रोह्यात राहिला तो रोहेकर. त्याचे पूर्वज कुठल्या समुद्रातून कुठल्या किनाऱ्याला लागले, हे ‘-कर’ने विचारलं नाही.

आपल्या जिल्ह्यातलं त्याहून जवळचं उदाहरण इचलकरंजीचं. तिथल्या जहागीरदारांचं आडनाव घोरपडे, पण घराणं जोश्यांचं, कोकणातल्या म्हापणचं. नारो महादेव जोशी हे सेनापती संताजी घोरपड्यांच्या आश्रयाला वाढले आणि त्यांनी धन्याचं आडनाव लावलं. ते शेवटपर्यंत टिकलं. त्यांना ‘मूळचे कुठले’ विचारलं तर म्हापण, आडनाव विचारलं तर घोरपडे, आणि लोक म्हणत इचलकरंजीकर. तिन्ही उत्तरं खरी. कुणी त्यांना पाऊण जोशी आणि पाव घोरपडे म्हटल्याचं ऐकिवात नाही.

शहराच्या पूर्वेला वळिवड्याला जा. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेले, आणि त्याच छावणीत फाळणीत घर सुटलेली सिंधी कुटुंबं आली. ते आजचं गांधीनगर, जिथे आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. तिथल्या दुकानात गल्ल्यावर बसलेला तिसऱ्या पिढीतला मुलगा घरात सिंधी बोलतो, आणि गिऱ्हाइकाला ‘काय दाखवू, सांगा की’ म्हणतो. तो ‘की’ कोल्हापूरचा. त्याला कोल्हापूरकर म्हणायला आपण कुणाची परवानगी घेत नाही.

सिद्द्यांविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण तुझ्या वर्गातल्या मुलींना बहुधा सिद्दी म्हटलं की एकच नाव आठवतं, पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर. 1660 सालची गोष्ट. पण त्याच वेढ्यात दुसऱ्या बाजूलाही सिद्दी होता. नेताजी पालकरांबरोबर वेढा फोडायला जी शिवाजी महाराजांची फौज आली, तिच्यात सिद्दी हिलाल होता. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. कोल्हापूरहून पन्हाळ्याचं अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे या मातीत सिद्दी माणसाचं रक्त सांडलंय, आणि ते स्वराज्याच्या बाजूने सांडलंय. ही गोष्ट शाळेत जौहरच्या नावाइतकीच ठसवून सांगायला हवी, असं मला फार वाटतं. अहमदनगरच्या निजामशाहीचा मलिक अंबर हाही मूळचा हबसाणातलाच, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा. मोगलांना त्याने दख्खनेत वर्षानुवर्षं थोपवलं, खडकी शहर वसवलं. तेच पुढचं औरंगाबाद.

‘सिद्दी’ हा शब्द अरबी ‘सय्यदी’, म्हणजे माझे धनी, यावरून आला असं मानतात. मराठीत तो ‘शिद्दी’ही झाला. ‘हबशी’ हा अरबी ‘हबश’वरून, हबश म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा मुलूख. जंजिऱ्याच्या सिद्द्यांच्या राज्यालाही आपण हबसाण म्हणायचो. जुन्या कागदांत ‘हबशी’ म्हणजे त्या मुलखाचा माणूस, बस्स. आज मात्र तो शब्द कॅन्टीनमध्ये काळ्या माणसाला चिडवायला वापरतात. तुला कुणी तसं म्हणत असेल, तर ‘शब्द जुनाच आहे’ ही सबब त्याला मिळू नये. जुन्या कागदातला शब्द कागदात वाचावा. जित्या माणसाला, तो स्वतः जे नाव सांगतो त्याच नावाने हाक मारावी, आणि तुझ्या आईचा समाज स्वतःला सिद्दी म्हणतो. उत्तर कन्नडातले सिद्दी बरेचसे पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकन गुलामांचे वंशज. गुलामी झुगारून ते घाटातल्या रानात शिरले आणि तिथेच राहिले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. घरात कोंकणी, बाजारात कानडी, हळियाळकडे मराठीही. 2003 साली त्यांना अनुसूचित जमातीत घेतलं, आणि 2020 साली शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले, त्या समाजातले पहिले आमदार.

‘वंश’ शब्दाबद्दलही बोललं पाहिजे, कारण हा सगळा प्रश्न शेवटी त्यावर येतो. संस्कृतात वंश म्हणजे आधी वेळू, बांबू. एका पेरातून दुसरं पेर निघतं, तशी पिढी. त्याच शब्दापासून घराच्या छपराचा ‘वासा’ आला. ‘घर फिरलं की घराचे वासेही फिरतात’ म्हणतो तो वासा. वंश म्हणजे कातडीचा रंग आणि नाकाचा आकार, ही समजूत फार अलीकडची. मराठीने वंशावळ, वंशवेल, निर्वंश असे शब्द केले, त्यात कुठे रंग नाही, कोण कुणाच्या पोटी आलं एवढंच आहे. संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदात भेदभावाची जी कारणं मोडीत काढली, त्यांत धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ही वेगवेगळी लिहिली आहेत. वंश आणि जन्मस्थान एक धरलेलं नाही. तुझ्या मैत्रिणी जन्मस्थान विचारून वंशाची पडताळणी करतायत, म्हणून बावडा त्यांना पुरत नाही.

तर ‘अर्धी मराठी’. हा शब्दप्रयोग मला अजिबात मान्य नाही, आणि तूही तो स्वतःसाठी वापरू नयेस. मराठी ही भाषा आहे. ती नीट येते, मोडकीतोडकी येते किंवा येत नाही. तुला ती हिसका देण्याइतकी येते. आणि माणसाच्या दोन बाजू सांगायला मराठीत अर्धं-अर्धं करावं लागतच नाही, त्यासाठी भरभक्कम शब्द आहे आणि तो तू तुझ्या पत्रात सहज वापरलायस. आजोळ. देवकुलाचं देऊळ झालं, राजकुलाचं राऊळ झालं, त्याच वाटेने आज्याचं कुळ ते आजोळ. म्हणजे आईकडच्या घराला भाषेने ‘कुळ’च म्हटलंय. आजोळ कुणाचं अर्धं नसतं. कोकणात आजोळ असलेल्या देशावरच्या मुलाला आपण अर्धा कोकणी म्हणत नाही. त्याचं गाव हे, आजोळ ते, आणि उन्हाळ्यात आंबे खायला तो हक्काने जातो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं की एका दमात सांग, ‘मी बावड्याची, आजोळ यल्लापूरचं, आई सिद्दी.’ यात लपवणं नाही, सफाई देणं नाही. ऐकणारीला अस्सल मराठी वाक्य मिळतं आणि पुढे विचारायला फारसं उरत नाही.

मावशीच्या पोरांचं बोलणं जास्त लागलं असेल, असं पत्रावरून वाटतं. परक्याने दूर लोटलं तर राग येतो, आपल्याने लोटलं तर पोटात तुटतं. बेने इस्रायलींवरही ही वेळ आली. कोकणातून आणि मुंबईतून ते इस्रायलला गेले, तर तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, लग्नं लावायला अडवलं. त्यांनी जोरदार आंदोलन केलं, आणि 1964 साली ते पूर्णपणे ज्यू आहेत हे तिथे मान्य झालं. मला यातली महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, मान्यता मिळवण्यासाठी त्यांनी मराठी टाकली नाही. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं, कीर्तनं झाली, सणावाराला पोह्यांचं मलिदाचं ताट आजही मांडलं जातं. एकीकडे खरं ठरण्यासाठी दुसरीकडचं पुसावं लागतं, हे त्यांनी मानलं नाही. मावशीच्या पोरांशी तू कोंकणीतच बोलतेस ना? मग भांडायचं तर कोंकणीतच भांड. भावंडं चिडवतात ती आपल्याच माणसाला, पण चिडवणं बोचत असेल तर तसं तोंडावर सांगायचा हक्कही आपल्याच माणसाला असतो. आणि मावशीला मध्ये घे, ती एका वाक्यात मिटवेल.

राहिला फॉर्म. जनगणनेत मातृभाषेची व्याख्या सरळ आहे: लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती. वडिलांची, गावाची किंवा शाळेची भाषा तिथे विचारलेली नाही. तुझी आई तुझ्याशी कोंकणी बोलली, तर मातृभाषेच्या रकान्यात कोंकणी लिही. जनगणनेत येणाऱ्या इतर दोन भाषांसाठी वेगळी जागा असते, कॉलेजच्या फॉर्मवरही ‘अवगत भाषा’ असा रकाना बहुधा असतो. तिथे मराठी पहिली लिही आणि यल्लापूरला बाजारात कानडी बोलत असशील तर तीही लिही. कोंकणी लिहिल्याने मराठी कमी होईल ही भीती ठेवू नकोस; आपल्याकडे बेळगाव, चंदगड, निपाणीच्या कितीतरी घरांत दोन-तीन भाषा एका चुलीभोवती बसतात. एकच रकाना असेल आणि कारकुनाने ‘कोल्हापूरची ना, मग मराठी लिहा की’ म्हटलं, तर त्याला ही व्याख्या सांग आणि कोंकणीच लिही.