बाबांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रिपोर्टात मार्जिन (काढलेल्या तुकड्याची कड) क्लिअर आहे, पण शेजारच्या टिश्यूत पी५३ पॉझिटिव्ह लिहिलंय. म्हणजे बाबांचा कॅन्सर आत राहिला का?

नाही, त्या ओळीचा अर्थ तसा होत नाही. आधी जीव भांड्यात पडू द्या, मग बाकीचं वाचा.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, विदर्भातला, त्यामुळे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांच्या गालाचे तुकडे बघण्यातच निम्मा दिवस जातो. तुकडा आला की आम्ही त्याच्या कडांना शाई लावतो आणि मगच कापतो, म्हणजे स्लाइडवर शाईपासून कॅन्सरच्या शेवटच्या पेशीपर्यंतचं अंतर मोजता येतं. ५ मिमी किंवा जास्त भरलं तर क्लिअर, त्याच्या आत आलं तर क्लोज. तुमच्या बाबांचं क्लिअर आहे, म्हणजे सर्जनने काम चोख केलंय.

आता पी५३. हे पेशीतलं ब्रेक लावणारं प्रोटीन, डीएनएला मार बसला की पेशीची वाढ थांबवतं, दुरुस्ती जमली नाही तर पेशीलाच संपवतं. गंमत अशी की धडधाकट पेशीत ते बनतं आणि थोड्याच वेळात मोडीत निघतं, म्हणून स्टेन, म्हणजे ते प्रोटीन दिसावं म्हणून स्लाइडवर लावतो तो रंग, जेमतेम धरतो. जीन बिघडला की बरेचदा वाकडं प्रोटीन तयार होतं, ते मोडलं जात नाही, केंद्रकात साचत राहतं आणि स्लाइडवर गडद तपकिरी दिसतं. म्हणजे पॉझिटिव्ह दिसतंय ते बहुतेक वेळा निकामी ब्रेकचं भंगार. कधीकधी प्रोटीन अजिबात बनत नाही, स्लाइड नुसती निळी, आणि तेही वाईटच, त्यामुळे पॉझिटिव्ह वाईट निगेटिव्ह चांगलं असं सरळ गणित नाहीये.

त्यात सूज असली तरी सगळ्यात खालच्या थरातल्या थोड्या पेशी फिकट तपकिरी होतात, निरोगी गालातही सापडतात. म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा, रंग खालच्या थरात तुरळक आहे का, की गडद, सलग आणि वरच्या थरांत चढलेला? आणि सोबत डिस्प्लेसिया, म्हणजे पेशींची घडण बिघडलेली पण अजून कॅन्सर नाही, असं लिहिलंय का? दुसरा प्रकार असेल तर ते ‘फील्ड’, म्हणजे कॅन्सर नाही पण बिघडायला लागलेली जमीन. १९५३ साली अमेरिकेत स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरचे ७८३ पेशंट बघून हेच मांडलं, गाठीभोवतीचं अस्तरही बदललेलं असतं. आपल्याकडे ते वेगळं सांगायलाच नको, खर्रा एका गालात धरला तरी रस सगळ्या तोंडात फिरतो.

नेटवर १९९५ चा एक अभ्यास सापडेल, २५ पेशंट, मायक्रोस्कोपखाली कडा स्वच्छ, तरी १३ जणांच्या कडेत पी५३ चं म्युटेशन, म्हणजे त्या जीनमधला बिघाड, निघालं, त्यातल्या ५ जणांना तिथेच परत झालं, उरलेल्या १२ पैकी कोणालाच नाही. वाचून घाबरू नका. पेशंट मोजके होते, त्यांनी स्टेन नाही तर थेट डीएनए तपासला होता, आणि त्या १३ पैकी ८ जणांना तिथे परत झालं नव्हतं हेही त्यातच आहे.

रेडिएशन द्यायचं की नाही हे मार्जिन, मानेतल्या गाठी, गाठ किती खोल गेली होती यावर ठरतं, एकट्या पी५३ वर नाही. (पी१६ हे दुसरं प्रोटीन पण लिहिलं असेल तर सोडून द्या, ते घशाच्या एचपीव्ही व्हायरसवाल्या कॅन्सरसाठी कामाचं, गालासाठी फारसं नाही.)

तुमच्या हातात आहे ते म्हणजे फॉलोअप, पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, चुकवायचा नाही. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली की तारखेची वाट न बघता जायचं. तुम्ही लिहिलंय बाबांनी वीस वर्षांचा खर्रा सोडला आणि आता ‘नुसती सुपारी’ खातात, तर तीही बंद, सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते. आणि एकदा गादीखाली, गाडीच्या डिक्कीत हात घालून बघा, सोडला म्हणणाऱ्यांची खर्र्याची एखादी पन्नी तिथे निघते, माझ्या काकांची निघाली होती.