दोहन, उत्खनन, उपसा आणि संक्रमण

बडोद्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, नैसर्गिक साधनसंपत्तीचा कारभार आणि ऊर्जाक्षेत्रातील बदल यांविषयीच्या एका धोरणविषयक अभ्यासाचा मराठी सारांश करताना ‘संसाधनांचे दोहन’ (म्हणजे खनिजे, तेल वगैरे निसर्गातून काढून घेणे) आणि ‘ऊर्जा संक्रमण’ हे शब्द योजावेत का. पहिला शब्द हिंदीत आणि गुजरातीत रुळलेला असल्यामुळे सहज हाताशी येतो. दुसरा वाचून मात्र त्यांच्या घरच्यांना साथीच्या रोगाची आठवण झाली. दोन्ही शंका रास्त आहेत, आणि पहिलीला जरा सविस्तर उत्तर द्यावे लागेल.

‘दोहन’ हा शब्द आपल्याला परका नाही. गायीचे रूप घेतलेल्या पृथ्वीचे पृथू राजाने दोहन केल्याची कथा पुराणांत आहे, आणि कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या आरंभीच तिचा उल्लेख केला आहे: हिमालयाला वासरू कल्पून आणि मेरूला दोहनास बसवून पर्वतांनी धरित्रीपासून तेजस्वी रत्ने आणि औषधी काढून घेतल्या, असे तो म्हणतो. रत्ने म्हणजे खनिजेच, तेव्हा शब्दाची परंपरा खाणीपर्यंत पोहोचते हे मान्य करावे लागते. तरीही कोळसा, तेल किंवा बॉक्साइट यांच्यासंबंधी लिहिताना मी हा शब्द टाळीन. सकाळी काढलेले संध्याकाळी पुन्हा भरते आणि वासराचा वाटा राखूनच काढले जाते, या दोन गोष्टी दोहनात गृहीत असतात. वनोपज, मासळी, मर्यादेत वापरलेले भूजल यांना ते शोभते. कोळशाचा थर मात्र एकदा काढला की माणसाच्या हिशेबात पुन्हा भरत नाही, आणि संपणाऱ्या ठेव्याचा मोबदला कोणाला, किती व कोणत्या पिढीपर्यंत मिळावा हाच तर अशा अभ्यासांचा मुख्य प्रश्न असतो. ‘दोहन’ म्हटल्याबरोबर तो प्रश्न झाकला जातो. उलट ज्यांना या शब्दातून लूट सुचवायची असते, त्यांनी सरळ ‘शोषण’ लिहावे. त्या अर्थाची जबाबदारीही मग लेखकावर राहते.

‘उत्खनन’ हा कायद्याच्या मराठीत स्थिरावलेला शब्द आहे. महाराष्ट्राच्या २०१३च्या नियमांच्या शीर्षकातच ‘गौण खनिज उत्खनन’ असे आले आहे. छोटा उदेपूरकडचा डोलोमाइट किंवा राजपारडीचा लिग्नाइट यांच्यासाठी तो अगदी योग्य होय. ज्या शहरातील विद्यापीठात नावाजलेला पुरातत्त्व विभाग आहे, तेथे नुसत्या ‘उत्खनना’ने गैरसमज होऊ शकतो, म्हणून ‘खनिज उत्खनन’ असे पूर्ण लिहावे, इतकेच. अडचण तेलाची आणि वायूची आहे. खंभातजवळ लुणेज येथे १९५८ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले, ते कोणी खणून काढलेले नाही. जमिनीला खोल छिद्र पाडून ते वर आणावे लागते. आपल्या कायद्यानेही हा भेद आता मान्य केला आहे. १९४८च्या तेलक्षेत्रविषयक अधिनियमात तेलासाठीही ‘खाणपट्टा’च (खाणकामासाठीचा भाडेपट्टा) दिला जात असे, २०२५च्या दुरुस्तीने त्याच्या जागी ‘पेट्रोलियम पट्टा’ आणला. तेव्हा तेलासंबंधी ‘उत्पादन’ किंवा साधे ‘काढणे’ पुरेसे आहे.

‘निष्कर्षण’ हा शब्द काही जण सरसकट वापरतात, पण तो राखून ठेवावा असे मला आग्रहाने वाटते. शालेय विज्ञानाच्या पुस्तकांपासून आपण तो धातुकापासून धातू वेगळा करण्याच्या प्रक्रियेसाठी वापरत आलो आहोत, आणि बॅटरीला लागणाऱ्या खनिजांच्या चर्चेत नेमका हाच भेद कळीचा आहे. जगातील सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून निघते, परंतु त्याचे शुद्धीकरण बहुतांशी चीनमध्ये होते. खाणीतून दगड काढणे आणि दगडातून धातू काढणे या दोन्हींना एकच शब्द लावला, तर खाण एका देशात आणि नफा दुसऱ्या देशात असे का होते हे वाचकाला समजणार नाही.

मग या सर्वांना सामावून घेणारे एकच नाम हवे असेल तर? मी ‘उपसा’ सुचवतो. ओरसंगच्या पात्रातील वाळूचा उपसा, विहिरीतील पाण्याचा उपसा हे आपण रोज बोलतो. उपसण्यात वस्तू बाहेर येते आणि आतली पातळी खाली जाते, हे दोन्ही अर्थ आहेत. पुन्हा भरण्याची हमी त्यात नाही आणि खणण्याची सक्तीही नाही. बातम्यांत हा शब्द बहुधा ‘अवैध’ या विशेषणाबरोबर येत असल्यामुळे त्याला थोडा डाग लागला आहे खरा, पण ‘उपसा जलसिंचन’ हा सरकारी शब्दप्रयोग तो मुळात निर्मळ असल्याची साक्ष देतो. ‘खनिजे व इंधने यांचा उपसा’ असे लिहून पाहावे. चार ओळींनंतर ते खटकत नाही.

‘कारभार’ हा शब्द आपल्या प्रश्नात आलाच आहे, तो तसाच ठेवावा. त्याऐवजी ‘विनियमन’ लिहू नये, कारण त्याचा अर्थ केवळ नियम घालणे एवढाच. परवाना कोणी द्यावा, पैसा कोठे जावा आणि हिशेब कोणाला द्यावा हे सारे ‘कारभारा’त मावते, आणि संस्थानी बडोद्याच्या मराठीला तो शब्द शिकवावा लागत नाही.

आता ‘संक्रमण’. हिंदीत आणि गुजरातीत २०२०पासून हा शब्द करोनाशी इतका जोडला गेला आहे की, दोन भाषांत वावरणाऱ्या बडोदेकरांना तो रोगाचा वाटणे स्वाभाविक आहे. मराठीत रोगासाठी ‘संसर्ग’ आहे. ‘संक्रमण’ म्हणजे एका स्थानातून दुसऱ्या स्थानात जाणे, जसे उत्तरायणाच्या दिवसाचे मकरसंक्रमण, किंवा ‘संक्रमणकाळ’. ‘ऊर्जेचे रूपांतरण’ हा भौतिकशास्त्रातला वेगळाच विषय असल्यामुळे ते येथे चालणार नाही. ‘स्थित्यंतर’ चुकीचे नाही, पण त्यात स्थिती बदलल्याचे कळते, वाटचाल कळत नाही. म्हणून ‘ऊर्जासंक्रमण’ हाच शब्द ठेवावा, मात्र पहिल्या उल्लेखात ‘कोळसा व तेल यांकडून सौर व पवन ऊर्जेकडे होणारे संक्रमण’ असे उलगडून सांगावे.

येथे क्रियापदांची फार काळजी घ्यावी लागते. २०२१च्या ग्लासगो येथील जागतिक हवामान परिषदेत, उत्सर्जन रोखण्याची सोय नसलेल्या कोळशावरील वीजनिर्मितीसंबंधी मसुद्यात ‘टप्प्याटप्प्याने बंद करणे’ अशा अर्थाचे शब्द होते. भारताने अखेरच्या क्षणी सुचवलेल्या बदलानंतर ते ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’ असे झाले. २०२३च्या दुबई परिषदेत जीवाश्म इंधनांपासून ‘दूर जाणारे’ संक्रमण असा शब्दप्रयोग आला. अनुवादात या तिन्हींच्या जागी ‘बंदी’ लिहिले, तर देशांनी जे मान्य केलेच नाही ते त्यांच्या तोंडी घातल्यासारखे होईल.

आपल्या सारांशात ‘न्याय संक्रमण’ असेही आले आहे, ते ‘न्याय्य संक्रमण’ (ज्यात बदलाची झळ बसणाऱ्यांवर अन्याय होत नाही असे संक्रमण) असे हवे, कारण येथे विशेषणाची गरज आहे. २०१५च्या हवामानविषयक पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत ही कल्पना कामगारवर्गाच्या संदर्भात आली आहे, म्हणून ती अमूर्त ठेवू नये. आपल्याकडे तिचा संबंध ‘स्वामित्वधना’शी येतो. रॉयल्टीला दिलेले हे नाव मला विशेष समर्पक वाटते: सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक मताने रॉयल्टी हा कर नसून खनिजहक्काच्या उपभोगाबद्दल पट्टेदाराने द्यावयाचा मोबदला आहे असे ठरवले, आणि शब्दही तेच सांगतो. खनिज कायद्यातील २०१५च्या दुरुस्तीनंतर पट्टेदार या रकमेच्या आणखी १० किंवा, जुन्या पट्ट्यांच्या बाबतीत, ३० टक्के इतकी भर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात घालतो, आणि ती खाणबाधितांसाठी खर्च व्हावी अशी अपेक्षा असते. परंतु खाण बंद पडली की स्वामित्वधन थांबते आणि त्याबरोबर ही भरही थांबते. ‘खाणबाधित’ या शब्दात खाण चालू असल्यामुळे ज्यांना त्रास झाला तेच येतात. खाण बंद झाल्यामुळे ज्यांचे काम जाईल, त्यांच्यासाठी आपल्या सारांशात ‘खाणबंदबाधित’ असा वेगळा शब्द योजावा आणि पहिल्या उल्लेखात त्याचा अर्थ द्यावा, अशी माझी सूचना आहे.