वाचकांचे प्रश्न : दोन रंगांच्या नक्षीची लोकरी टोपी

प्रश्न : एकरंगी स्वेटर, मफलर आणि टोप्या मी बरीच वर्षे विणत आले आहे. यंदा प्रथमच गडद निळ्या आणि पांढऱ्या लोकरीची नक्षीदार टोपी विणायला घेतली. काठ नीट झाला, परंतु नक्षी सुरू झाल्यापासून टोपी आवळत गेली आणि आता ती डोक्यात शिरत नाही. टाके पुन्हा मोजले, ते कमी झालेले नाहीत. नक्षीचा भागही सपाट न बसता चुरगळल्यासारखा दिसतो. चूक कुठे झाली असावी, आणि हीच टोपी वाचवता येईल का?

उत्तर : टाके पूर्ण असूनही टोपी आवळली आहे, याचा अर्थ दोष वरून दिसणाऱ्या विणीत नसून आतल्या बाजूला आहे. टोपी उलटी करून पाहा. दोन रंगांच्या नक्षीत एका वेळी एकच रंग विणला जातो आणि दुसरा धागा त्या टाक्यांच्या मागून आडवा पुढे जातो. सुलट विणीच्या कापडाला ताण दिला की त्यातले टाके रुंदावतात आणि कापड सहज वाढते. मागच्या आडव्या धाग्याला मात्र असे फासे नसतात, तो जेवढा ठेवला तेवढाच राहतो. त्यामुळे तो धागा एका टाक्यापासून दुसऱ्या टाक्यापर्यंत ताणून नेला गेला असेल, तर पुढची वीण कितीही सैल असली तरी टोपी त्या धाग्यापेक्षा मोठी होऊच शकत नाही. कापड चुरगळते तेही याच कारणाने. नक्षीदार टोपीचे खरे माप मागचा धागा ठरवतो, असे मला ठामपणे वाटते, आणि एकरंगी विणकामात हात बसलेल्यांच्या नेमके हेच लक्षात येत नाही, कारण त्यांना मागच्या बाजूकडे पाहण्याची गरज कधी पडलेलीच नसते.

उपाय विणतानाच करायचा असतो. रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवर नुकते विणलेले टाके बोटांनी हलकेच मागे सारून पसरवा, इतके की त्या टाक्यांची रुंदी तयार कापडातल्या टाक्यांएवढी होईल, आणि मगच नव्या रंगाचा पहिला टाका विणा. मागचा धागा त्या पसरलेल्या टाक्यांवर अलगद टेकलेला असावा; तो लोंबत असेल तर सैल आहे, आणि टाक्यांना एकमेकांकडे ओढत असेल तर घट्ट आहे. दोन्ही बाजूंना टोक असलेल्या चार-पाच सुयांवर गोल विणत असाल, तर जिथे एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथे विशेष लक्ष द्या, कारण त्या कोपऱ्यात धागा वळसा न घेता आडवाटेने जातो आणि त्या जागी टोपीवर वरपासून खालपर्यंत एक आवळलेली रेघ उमटते. ज्यांचा हात मुळातच घट्ट आहे त्यांनी टोपी उलटी करून विणावी, म्हणजे नक्षीची बाजू आत आणि मागचे धागे बाहेरच्या अंगाला येतील. नक्षीची बाजू तरीही विणणाऱ्याच्या समोरच राहते. फक्त सुयांचा विणला जाणारा भाग आपल्याजवळ न राहता पलीकडच्या कडेला जातो. बाहेरच्या अंगाने जाणाऱ्या धाग्याला कोपऱ्यावरून वळावेच लागते, त्यामुळे त्याची लांबी आपोआप पुरेशी राहते.

एकाच रंगाचे पाचपेक्षा अधिक टाके सलग येत असतील, तर मधल्या एखाद्या टाक्यापाशी मागचा धागा विणीच्या धाग्यात गुंतवून घ्यावा. एरवी टोपी घालताना त्या लांब फाशात बोट अडकते, लहान मुलांच्या बाबतीत तर हमखास. मात्र लागोपाठच्या फेऱ्यांत एकाच टाक्यावर धागा गुंतवू नका, कारण मागचा रंग त्या जागी टाक्यांमधून डोकावतो आणि वरून पाहताना तिथे ठिपक्यांची उभी रांग दिसू लागते.

आता मापाविषयी. नक्षीची वीण साध्या विणीपेक्षा घट्ट येते, म्हणून काठासाठी ३.५ मिलिमीटरची सुई वापरली असेल तर नक्षीसाठी ४ मिलिमीटरची घ्यावी, आणि टाके घालण्यापूर्वी त्याच नक्षीचा नमुना विणून मोजावा. हा नमुना नेहमीप्रमाणे एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट असा विणला तर तो फसवतो, कारण गोल विणताना सगळ्याच फेऱ्या सुलट असतात आणि बहुतेकांचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा थोडे वेगळ्या ताणाचे येतात. त्याऐवजी गोलाकार सुईवर एक ओळ विणून झाली की काम न वळवता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवावेत, धागे मागून सैल आणावेत आणि पुन्हा सुलट ओळच विणावी. समजा, अशा नमुन्यात १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले आणि डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर आहे. टोपी घट्ट बसण्यासाठी ती घेरापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर लहान हवी, म्हणजे ५१ सेंटिमीटर. त्यासाठी ११२ टाके लागतील. हा आकडा सोयीचा आहे, कारण ८ टाक्यांची नक्षी त्यात बरोबर १४ वेळा बसते आणि दोन सुलट, दोन उलट असा काठही अडत नाही. याच ११२ टाक्यांत मागचा धागा आवळला जाऊन १० सेंटिमीटरमध्ये २५ टाके बसू लागले, तर टोपी जेमतेम ४५ सेंटिमीटरची होते. तुमच्या टोपीचे बहुधा असेच झाले आहे.

ती वाचवायची असेल, तर आधी कोमट पाण्यात भिजवून, पिळून न काढता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि नक्षीचा भाग हाताने आडवा ताणून वाळवा. मागच्या धाग्यात थोडी सैलता शिल्लक असेल तर यातून एक-दोन सेंटिमीटर मिळतात आणि चुरगळलेपण बरेच जाते. त्याहून अधिक फरक हवा असल्यास काठापर्यंत उसवणे हाच मार्ग आहे. उसवलेल्या लोकरीची लडी करून, ती भिजवून आणि टांगून वाळवली की तिच्यातले वेटोळे निघून जातात. ते केल्याशिवाय तीच लोकर पुन्हा वापरू नये. वाकड्या धाग्याचे टाके कधीच एकसारखे येत नाहीत.

प्रश्न : मरून आणि गडद हिरवा हे रंग हातात घेतल्यावर फार खुलून दिसत होते, पण विणल्यावर नक्षी ओळखूच येत नाही. दोन्ही रंग तर अगदी वेगळे आहेत. असे का व्हावे?

उत्तर : रंग वेगळे आहेत, पण त्यांचा गडदपणा जवळजवळ सारखा आहे, आणि बारीक नक्षी दुरून दिसते ती रंगाच्या फरकापेक्षा उजळ आणि गडद यांतल्या फरकामुळे. दोन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढा. त्यात दोन्ही गुंडे एकाच करड्या छटेचे दिसले, तर त्या जोडीतून स्पष्ट नक्षी निघणार नाही. मरून ठेवायचाच असेल तर त्याच्या जोडीला साय किंवा फिकट राखाडी रंग घ्या.

दुसरे कारण हातातल्या धाग्यांच्या जागेत असू शकते. दोन धाग्यांपैकी जो मागच्या बाजूने नेहमी खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे पडतात, कारण त्याला वरच्या धाग्यापेक्षा लांब वाट चालावी लागते. परिणामी तो रंग उठून दिसतो आणि दुसरा मागे सरतो. म्हणून नक्षीचा रंग खालून आणि जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या मोकळ्या भागाचा, रंग वरून असे पहिल्या फेरीतच ठरवून घ्यावे आणि शेवटपर्यंत बदलू नये. मधेच अदलाबदल झाली तर त्या फेरीपासून नक्षी फिकी पडल्यासारखी वाटते आणि कारण सापडत नाही. दोन रंग दोन हातांत धरणाऱ्यांनी नक्षीचा रंग डाव्या हातात ठेवला की हे सहसा आपोआप साधते.

एका टोपीत पाच-सहा रंग हवे असतील तरी एका फेरीत दोनच वापरावेत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड द्वीपसमूहातल्या फेअर आयलच्या प्रसिद्ध विणीची हीच रीत आहे : कापडावर अनेक रंग खेळताना दिसतात, पण कोणत्याही एका फेरीत सहसा दोनच धागे चालू असतात आणि बदल होतो तो फेरीगणिक. तीन धागे एकदम मागून नेले तर कापड जाड आणि ताठ होते, शिवाय ताण सांभाळणे दुप्पट अवघड जाते.

प्रश्न : टोपीच्या वरच्या भागात टाके कमी करू लागल्यावर नक्षी मोडते. ती शेंड्यापर्यंत कशी न्यावी?

उत्तर : पहिल्या टोपीत ती शेंड्यापर्यंत न नेलेलीच बरी. सरळ भाग काठासह १५ सेंटिमीटर झाला की नक्षी संपवावी आणि वरचा भाग एकरंगी विणावा. ११२ टाक्यांचे १४-१४ टाक्यांचे ८ भाग करून प्रत्येक भागाचे शेवटचे दोन टाके एकत्र विणावेत. पहिल्या ६ वेळा हे एक फेरी सोडून करावे आणि पुढे ७ वेळा प्रत्येक फेरीत करावे, म्हणजे ८ टाके उरतात. धागा कापून सुईने त्या टाक्यांतून ओवावा आणि ओढून आत पक्का करावा. हात बसल्यावर प्रत्येक भागासाठी चौकटींच्या कागदावर वर निमुळती होत जाणारी पाकळी काढा आणि टाके घटवण्याची रेघ सर्वत्र जमिनीच्याच रंगाची ठेवा. मग वरून पाहिल्यास आठ पाकळ्यांचे फूल दिसते आणि ते फार सुरेख दिसते.

प्रश्न : टोपी उबदार आहे, पण वाऱ्यात कान गार पडतात. काय करावे?

उत्तर : नक्षीदार टोपी ऊबदार असते ती मागच्या धाग्यांच्या थरात हवा अडकून राहते म्हणून, जोराचा वारा मात्र कोणत्याही विणीतून आत शिरतो. काठ १० सेंटिमीटर विणून दुमडला तर कानांवर दोन थर येतात. दुसरा उपाय म्हणजे कानांवर पाळ्या विणणे. अँडीज पर्वतातल्या लोकांची अशी नक्षीदार टोपी छुल्लो या नावाने ओळखली जाते. पेरूमधील टिटिकाका सरोवरातल्या टाकिले बेटावर या टोप्या पुरुष विणतात, आणि तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये वारशाचा मान दिला. पाळ्या आधी दोन सुयांवर वेगळ्या विणाव्यात, मग त्यांच्या मधले टाके नव्याने घालून सगळे एकत्र गोल घ्यावेत. पाळीच्या आत मऊ फ्लीसचे अस्तर शिवले की वारा अडतो आणि कानाला लोकर टोचतही नाही.

प्रश्न : लाल आणि पांढऱ्या लोकरीची टोपी धुताना लाल रंग पांढऱ्यात उतरेल का?

उत्तर : ही परीक्षा विणण्यापूर्वीच करावी. लाल लोकरीचा वीतभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती कापडात दाबून ठेवा. कापडावर डाग उमटला तर त्या लोकरीची लडी पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळी धुऊन वाळवा आणि मगच वापरा. टोपी तयार झाल्यावर ती थंड किंवा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, न चोळता धुवावी आणि डोक्याएवढ्या उपड्या भांड्यावर चढवून सावलीत वाळवावी. काठाचा भाग त्या वेळी ताणला जाऊ देऊ नये. भांडे काठापाशी रुंद असेल तर टोपी त्यावर थोडी वरच ठेवावी.